बोलेल तो खरा

“कांता, ते चौघे आजपण आलेत गं. फेटे तेवढे नवे घातलेत.”

आई पुढच्या खोलीच्या दारात उभी राहून खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडं बघत होती. खुर्ची रिकामी होती. खिडकीला काल धुतलेला पडदा होता, बाकी कुणी नव्हतं.

“कसल्या रंगाचे?” मी सतरंजी झटकता झटकता विचारलं.

“अंजिरी. त्या म्होरक्याचा तुरा तर हातभर आहे. तुला बघायला येणाऱ्यांनी एवढं नटून यावं म्हणजे मिळवली!”

“आणि तो तुझ्याच खुर्चीत बसलाय?”

“त्याला दुसरी खुर्ची गोड लागत नाही. पण माणूस चांगल्या घरचा बरं का. मी बसायला गेले की मुकाट उठून जातो.” असं म्हणत ती चाचपत गेली आणि खुशाल खुर्चीत बसली. “बघ. गेला.”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. आई माझ्याबरोबर अशी हसली ती शेवटचीच.

माझी आई, महानंदा हलकुडे, वेडी नव्हती. आज तीस वर्षांनी हे सांगतानाही माझा आवाज चढतो. चढू दे. तिच्या डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता. बाजूचं दिसायचं, समोरचं पुसलं जायचं. माणसाचा कान दिसायचा, तोंड नाही. दार दिसायचं, कडी नाही. आणि जिथं पुसलं गेलं होतं तिथं नसलेली माणसं दोन वर्षांपासून यायला लागली होती. हे फेटेवाले चौघे, परकर घातलेल्या पोरी, एकदा तर न्हाणीघरात अख्खी वरात. कधी लख्ख दिसायची, कधी खऱ्या माणसांसारखीच धुरकट.

पहिल्यांदा ती फार भ्याली. मग मी तिला लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे. सगळं तपासून झाल्यावर त्यांनी तिच्याजवळ स्टूल ओढलं.

“आजी, तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. डोळ्यांकडून चित्रं येईनात, म्हणून मेंदू घरच्या घरी चित्रं काढतोय. त्याला रिकामं बसवत नाही, एवढंच.”

“पण खरं कोण आन् खोटं कोण, मी कसं ओळखू?”

“ही माणसं बोलतात का तुमच्याशी?”

“नाही बा. चकार शब्द नाही.”

“मग झालं तर. बोलेल तो खरा.” डॉक्टर हसले, मग जरा थांबले. “पण एक ध्यानात ठेवा. डोळा आणि मेंदू शेजारी-शेजारी राहतात. एकाच्या छपराला आग लागली की दुसऱ्याकडं कधीमधी ठिणगी जाते. ही माणसं बोलायला लागली, नसलेलं काही ऐकू यायला लागलं, तर मात्र लगेच मला सांगा. मग ते नुसतं डोळ्यांचं राहिलं नाही असं समजायचं.”

आईनं ते पक्कं धरलं. घरात कुणी आलं की ती थांबायची. आवाज आला की म्हणायची, “ये की, बस.” नाही आला की आपल्या कामाला लागायची. दोन वर्षांत एकदाही चुकली नाही. शेजारच्या बायकांना सांगायची, “ते गप्प आहेत तोवर मी शहाणी.”

पण घरात गुरूदादा होता आणि दादाची बायको होती. प्रभावहिनी. माहेर लातूरचं, बोलणं साखरेत घोळलेलं, पण सगळी गोगलगाय नि पोटात पाय. तिला पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर काढायचं होतं, आणि पुढच्या खोलीत आई झोपायची. सोलापूरच्या वाटेवर एक आश्रम होता, डोकं फिरलेल्या माणसांना ठेवायचा. आईला तिथं न्यावं असं वर्षभर दादाच्या मनात होतं. दादाच्या म्हणजे वहिनीच्या. त्याचं स्वतःचं मन असं वेगळं नव्हतंच. मी शाळेत नोकरीला होते, मी आडवी पडले, रडले, भांडले. शेवटी दादा म्हणाला होता, “ठीक आहे. उमरग्याचे बिराजदार येणार आहेत तुला बघायला. त्यांच्यासमोर आई धड वागली, तर आश्रमाचं नाव पुन्हा काढणार नाही. इष्टलिंगाची शपथ.”

म्हणजे त्या दिवशी मला बघायला येणार होते, आणि खरी परीक्षा आईची होती. तिला ते ठाऊक होतं. पहाटेच न्हाऊन, विभूती लावून, जरीकाठी नेसून तयार बसली होती.

वहिनी आत आली. हातात माझ्यासाठी स्वतःची मोरपंखी साडी. सासूला ती आत्याबाई म्हणायची.

“आत्याबाई, आज चहा तुम्हीच द्या पाहुण्यांना. त्यांनाही दिसू दे, तुम्ही किती खुटखुटीत आहात ते.”

आईचा चेहरा एकदम फुलला. सुनेनं आपण होऊन काही काम सांगितलं याचंच तिला केवढं वाटलं! “देते की. हाताला सवय आहे. फक्त एक कर माय प्रभा, तुला म्हणून सांगते. बोलेल तो खरा, हा माझा हिशोब. तेवढं पाहुण्यांना बोलतं ठेव. मग माझं कुठं काही चुकायचं नाही.”

“ठेवते की. तुम्ही नका काळजी करू.”

वहिनीनं वाकून आईच्या निऱ्या सारख्या केल्या. मला वाटलं, चला, बाई सुधारली. मनातल्या मनात मी तिला दुवा दिला, काय सांगू!

दुपारी जीप आली. मुलाचे वडील, आई, मामा आणि मुलगा. मुलगा मल्लिनाथ, दूध डेअरीत नोकरी. दारात वहिनीच पुढं झाली, “या, या, शरणार्थी” असा आमच्यातला नमस्कार झाला, हातपाय धुऊन झाले, आणि मला बोलावून पाटावर बसवलं. मान खाली. मला सतरंजीवरचे पाय तेवढे दिसत होते. वडिलांच्या टाचा भेगाळलेल्या, मुलाच्या आईच्या बोटांत जोडवी, मामाचे मोजे फाटके. आणि खिडकीजवळ, वेताच्या खुर्चीखाली, तरण्या माणसाची पावलं.

आईच्या खुर्चीत मुलगा बसला होता.

आमच्याकडं बघायला आलेल्या मुलानं बोलायचं नसतं. बोलायचं ते वडिलांनी, आईनं, मामानं. मुलीनं जमिनीकडं बघायचं, मुलानं छताकडं. तोंड उघडलं की पोरगा आगाऊ ठरतो. तरी निदान नमस्काराला, पाणी घेताना एखादा शब्द सुटतोच. याच्या तोंडून तेवढाही सुटला नाही.

“नाव काय बाळ तुझं?” मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“शिवकांता.”

“स्वयंपाक येतो का?” त्याची आई.

“येतो.”

“पोळ्या गोल का नकाशे?” मामा स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. मामा गप्प बसण्यातला नव्हताच.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली. बांगड्यांच्या नि कपांच्या आवाजावरून मला कळलं. ट्रे तिनं सरळ धरला होता, एक थेंब सांडला नव्हता. मला वाटलं उठून तिला मिठी मारावी. ती थांबली, कान दिला.

“नमस्कार, मी मुलीची आई. प्रवासात त्रास नाही ना झाला?”

“छे, छे, त्रास कसला,” वडील बोलले. पहिला कप त्यांना.

“तुम्ही बसा हो, कशाला उगं,” मुलाची आई बोलली. दुसरा कप तिला.

“आम्हाला विसरू नका, विहीणबाई!” मामा ओरडला. तिसरा कप त्याला.

ट्रे रिकामा झाला. तीनच कप होते. मी मान वर केली, मुलीनं करायची नसते तरी केली. मल्लिनाथ हात जोडून आईकडं बघत होता, तोंड घट्ट मिटलेलं. आई त्याच्याकडं बघून, ओळखीच्यांकडं बघावं तशी, किंचित हसली. तिनं ट्रे काखेत धरला, पदर सावरला आणि आपल्या खुर्चीकडं चालू लागली.

“आई!” मी ओरडले.

उशीर झाला होता. माझी आई, पासष्ट वर्षांची विधवा बाई, मला बघायला आलेल्या मुलाच्या मांडीवर सगळं अंग टाकून बसली.

“अहो, अहो! काय करताय!” तो किंचाळला.

आई अशी ताडकन उठली की ट्रे खणखणत दारापर्यंत गेला. मामाला हसू फुटलं, चहा नाकातून बाहेर आला. दुसरं कुणी हसलं नाही. आईनं दोन्ही हात पुढं करून त्या मुलाचा चेहरा चाचपला, गाल, नाक, मिशी.

“बोलला,” ती म्हणाली. “अगं बाई, हा खरा आहे!”

“खरा आहे म्हणजे?” मुलाची आई उभी राहिली. “खोटं कोण असतं इथं?”

इथं दुसऱ्या कुणी थाप मारली असती. चक्कर आली, पाय घसरला, काहीही. पण आईला वाटलं, नीट समजावून सांगितलं की शहाण्या माणसांना समजतं. ती सरळ उभी राहिली आणि सांगायला लागली. चौघे असतात, फेटेवाले. याच खुर्चीत एक बसतो. ते खोटे आहेत हे मला ठाऊक आहे हो. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचं आहे, डोक्याचं नाही. जसजशी ती सांगत गेली, तसतसे सतरंजीवरचे पाय मागं सरकत गेले. मुलाच्या आईनं तर पदर आवरून घेतला, जणू आईचं काही तिला चिकटणार होतं.

“दोन दिवस झाले गोळी घेत नाहीत त्या,” वहिनी दारातून हळूच म्हणाली. आईला कसलीच गोळी चालू नव्हती.

मुलाच्या वडिलांनी टोपी डोक्यावर ठेवली. “हलकुडे, आधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही. आईचं आज आहे ते उद्या पोरीत उतरतं. आम्हाला नातवंडं बघायचीत.”

जीप गेल्यावर दादा आईसमोर येऊन उभा राहिला. इतका शांत की मला धडकी भरली.

“पोराच्या मांडीवर बसलीस, आई. उद्या आपल्या सगळ्या औसा गावात हाच विषय.”

“गुरू, अरे मला वाटलं मुलगा अजून बाहेरच आहे. प्रभाच म्हणाली ना, मुलगा गाडी लावतोय, तिघांना चहा देऊन घ्या.”

“मी?” वहिनीनं छातीवर हात ठेवला. “मी असं कशाला म्हणेन आत्याबाई? मुलगा तर सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. मीच बसवला की.”

“म्हणालीस गं. ट्रे हातात देताना. तीन कप दिलेस.”

“चौथा ट्रेत मावेना म्हणून मागून आणत होते. पण गाडी लावतोय? देवाशपथ, हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.” तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला ते कधीही आणता यायचं. “तुम्हाला ऐकू आलं असेल.”

मग दादा म्हणाला, “म्हणजे आता नसलेलं ऐकूही यायला लागलं.”

मी आईकडं बघितलं. आयुष्यात मी पुष्कळ वाईट पाहिलंय, नवऱ्याचं मरण पाहिलंय, पण त्या क्षणी माझ्या आईच्या चेहऱ्यावर जे झालं तसं काही पाहिलं नाही. ती वहिनीवर चिडली नाही. ती आपल्या आत काहीतरी शोधायला लागली. ओठ हलत होते. डॉक्टरांचं वाक्य ती स्वतःशी म्हणत होती, मला एकटीलाच कळलं.

“वहिनी खोटं बोलतेय!” मी ओरडले.

“तू ऐकलंस?” दादानं विचारलं. “तू पाटावर होतीस ना?”

मी ऐकलं नव्हतं.

“कांता, भांडू नको,” आई म्हणाली. “तिनं देवाची शपथ घेतली. मग मलाच ऐकू आलं असणार. न बोलणारा खरा निघाला, आन् कानात आलं ते खोटं निघालं. आता कशावर भरवसा ठेवू गं मी?”

आठवड्याच्या आत तिला आश्रमात नेलं. मी आकांत केला, गाडीसमोर उभी राहिले. आईनंच मला बाजूला केलं. “माझाच मला विश्वास राहिला नाही लेकरा. उद्या तुलाच खोटी समजून उकळतं पाणी ओतलं तर? जाऊ दे मला.” सुंठीवाचून खोकला गेला. सून तिला ओढत नेणार होती, तर ती आपल्या पायांनी चालत जाऊन गाडीत बसली. पंधरवड्यात पुढच्या खोलीत मोठा आरसा लागला.

आश्रमात भेटू देत नसत. घरचं माणूस दिसलं की पेशंट बिघडतो म्हणे. मी दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. आईला रोज गोळ्या देतात, शांत असते, एवढंच बाहेर कळायचं.

त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली. एक दिवस लातूरच्या बस स्टँडवर मी उभी असताना एक माणूस समोर येऊन घुटमळला. मल्लिनाथ. सोबत नवी बायको होती. तिला बाकावर बसवून तो माझ्याकडं आला.

“ताई, ओळखलंत? आजवर जिवाला लागून राहिलंय. तुमच्या आई कशा आहेत?”

मी सांगितलं कुठं आहेत ते. त्याचा चेहरा उतरला.

“मी एक शब्द बोललो असतो तर एवढं झालं नसतं. मी उठून पाया पडणार होतो त्यांच्या. पण तुमच्या वहिनींनी दारातच बजावलं होतं. आमच्या सासूबाईंना तोंडाळ जावई चालत नाही, त्या समोर असताना तोंडातून ब्रसुद्धा काढू नका, पसंती हवी असेल तर. आणि त्या खुर्चीवर बसवलं पण त्यांनीच.”

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, आधी आनंदच झाला! आईनं मोठ्या विश्वासानं सांगितलेली खूण वहिनीनं बरोबर उलटी वापरली होती. म्हणजे गाडीचं ते वाक्यही ती बोललीच होती. आईला नसलेलं काही ऐकू आलं नव्हतं. तिचं डोकं शाबूत होतं, अगदी त्या दिवसापर्यंत शाबूत होतं, आणि हे तिला सांगायला हवं होतं. (पुढं मी वहिनीला तोंडावर विचारलं. ती गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत होती. दोरा दातांत धरून म्हणाली, “जावयानं गप्प बसावं, हे काय मी शोधून काढलं?”)

शाळा, रजा, काही सुचलं नाही. समोर लागलेली सोलापूरची गाडी धरली. आश्रमाच्या फाटकावर या वेळी मी असा काही दंगा केला की त्यांनी मला मुकाट आत सोडलं.

आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. जवळ एक आया गहू निवडत होती. आईचे केस कापले होते, पार कानापर्यंत, वेडेवाकडे. तिचा तो मनगटाएवढा अंबाडा! कपाळाला विभूती नाही. अंगात दोघी मावतील असला गाऊन. वाटेत मी सगळी वाक्यं घोकून आले होते, पण तिला तसं बघितलं आणि माझा गळाच बंद झाला. मी तिच्यासमोर नुसती उभी राहिले.

तिनं मान तिरकी केली, डोळ्याच्या कडेनं मला बघितलं. हसली. त्या फेटेवाल्यांकडं बघून हसायची तशी.

“गोदाबाई, आज एक नवीनच आलीय बघा. हुबेहूब माझ्या कांतासारखी. उभी राहायची ढबसुद्धा तिचीच.”

“आजी, खरीच असंल की,” आया म्हणाली.

“नाही हो. माझी पोरगी असती तर एव्हाना बोलली नसती का?”

मी तिच्या पायाशी बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि एकदाचा आवाज फुटला. “आई, मी कांता. मी खरी आहे गं! तुझं काही चुकलं नव्हतं. वहिनी बोलली होती तसं, तुला बरोबर ऐकू आलं होतं. त्या मुलाला तिनंच गप्प बसवलं होतं. तू शहाणी आहेस आई, तू शहाणीच होतीस. चल, घरी चल माझ्याबरोबर.”

ती ऐकत राहिली. सगळं, शेवटपर्यंत ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि तिथं भीती आली. तिनं माझ्या हातातून आपले हात सावकाश सोडवून घेतले, मला राग येऊ नये अशा बेतानं, आणि गाऊनला पुसले. मग गोदाबाईकडं वळून, मला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू आवाजात म्हणाली,

“गोदाबाई, लातूरच्या डॉक्टरांना तेवढा निरोप धाडा माय. ते म्हणाले होते, लगेच सांगा म्हणून. आता बोलायला लागलीत.”